निळा, गेला आणि काळा: सावईवेरेच्या एका कॉम्प्युटरची दोन दुखणी

गोव्यात सावईवेरेला माझ्या मामांच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब, गॅस कधी आला, कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळीच्या बागेत, शिंपणं कुठल्या दिवशी सुरू झालं, सगळं मामी त्याच्यावर पेन्सिलीने टिपते. गेल्या जुलैपासून तिथे एक नवी खूण दिसू लागली होती. कुठे ‘नि’, कुठे ‘गे’, आणि शेजारी वेळ. डिसेंबरात मी गेलो तेव्हा विचारलं, हे काय? म्हणाली, “नि म्हणजे निळा पडला, गे म्हणजे गेला. तुझा कॉम्प्युटर रे, आणि कोणाचा!”

‘तुझा’ म्हणायचं कारण म्हणजे २०१८ साली तो मीच जोडून दिला होता. आणि गेले पाच महिने फोंड्यात बसून फोनवरून उपाय सांगणाराही मीच. त्या पाच महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं की बंद पडतो म्हणजे नक्की कसा पडतो. मामी मात्र दोन वेगळी अक्षरं लिहीत होती.

मशीन आणि घर

मशीन अगदी साधं. इंटेलचा आठव्या पिढीतला आय-थ्री ८१००, एच-३१० चिपसेटचा मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-फोर रॅम, विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी आणि बाकी पसाऱ्याला १ टीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर आलेला, अंगावर ‘४५० वॉट’ छापलेला. असल्या छापील आकड्यांवर किती विसंबायचं हे या कामातल्या माणसाला सांगायला नको. तरी तेव्हा पैसे वाचवायला मी तोच राहू दिला.

मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक. देवस्थानचा जमाखर्च, गावातल्या कोणाची लग्नपत्रिका, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची यादी आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जत्रेच्या नाटकाची संहिता, हे सगळं त्या मशीनवर. पहाटे पाचला उठून चहाचा पेला घेऊन ते टाइप करायला बसतात. खोली चिऱ्याच्या भिंतींची, वर मंगळुरी कौलं, खिडकीबाहेर पोफळी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. जून ते सप्टेंबर त्या खोलीत कपाटातल्या पुस्तकांनासुद्धा बुरशी धरते. कॉम्प्युटरने मग कोरडं कसं राहायचं?

जुलैत निळी स्क्रीन येऊ लागली. मी फोनवरून सांगितलं, विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी’ कमांड चालवा. चालवली. खराब फायली सापडल्या, दुरुस्त झाल्या, आठवड्याने पुन्हा निळी. मग ड्रायव्हर अपडेट केले. मग अँटिव्हायरस बदलला. सप्टेंबरात नाटकाचा अख्खा दुसरा अंक गेला. मामांनी तो आठवून आठवून पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा चांगला उतरला म्हणतात, पण ते कॉम्प्युटरचं श्रेय नव्हे.

ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपणार म्हणून गाजावाजा चालूच होता. मामांनी मशीन एका दुकानात नेलं. तिथे फॉरमॅट मारून विंडोज ११ घातलं आणि ‘आता निळी स्क्रीन दिसणार नाही’ असं सांगून पाठवलं.

आणि खरंच, निळी स्क्रीन पुन्हा दिसली नाही. कारण मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये तिचा रंगच बदलून काळा केला! मजकूर तोच, थांबण्याचा कोड तोच, फक्त ते रडवं तोंड आणि निळाई गेली. मशीन मात्र पहिल्यासारखंच पडत होतं. आता मामी कालनिर्णयावर ‘का’ लिहू लागली. काळा. इथे तिची पद्धत फसली. आधीचं ‘निळा’ आणि ‘गेला’ या दोन्ही तऱ्हांना आता स्क्रीन काळीच दिसायची. एकीत काळ्यावर पांढरी अक्षरं उमटून मशीन आपसूक पुन्हा चालू व्हायचं, म्हणजे अक्षरं वाचायलाही सवड नाही. दुसरीत नुसता अंधार.

पडण्याच्या दोन तऱ्हा

हे थोडं सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

विंडोजची निळी किंवा काळी स्क्रीन म्हणजे विंडोजने स्वतः थांबायचं ठरवलं. मेमरीत किंवा ड्रायव्हरमध्ये असं काही दिसलं की पुढे गेलो तर डेटा नासेल, म्हणून ती कोड लिहिते, जमलं तर मेमरीची नक्कल ‘मिनीडंप’ फोल्डरमध्ये ठेवते आणि बंद पडते. निदान शेवटचं वाक्य बोलून जाते. वीज गेली की तेही नाही. बोलता बोलता माणसाच्या तोंडावर हात ठेवावा तसं.

दोन्हींनंतर मशीन पुन्हा चालू झालं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, एकच नोंद पडते: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. नेटवर हा ४१ शोधला की शंभर जण शंभर कारणं सांगतात, कारण ४१ मध्ये कारण नसतंच. ‘मागच्या वेळी मी नीट बंद झाले नव्हते’ एवढंच ती नोंद म्हणते. खरी माहिती तिच्या ‘तपशील’ टॅबमध्ये असते. तिथे ‘बगचेक कोड’ असा एक रकाना आहे. त्यात शून्य असेल तर विंडोजला काहीच लिहायला मिळालं नाही, म्हणजे बहुधा वीज किंवा यंत्रच थिजलं. शून्याखेरीज आकडा असेल तर विंडोज स्वतः थांबली. हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि स्क्रीनवर दिसणारा कोड सोळाच्या पद्धतीत, म्हणून २६ दिसला की तो स्क्रीनवरचा १ए समजायचा. त्याच तपशिलात पॉवर बटणाचाही रकाना असतो. कोणी बटण दाबून धरून मशीन बंद केलं असेल तर तिथे आकडा पडतो.

आणखी एक खाचखळगा. ४१ च्या नोंदीवरची वेळ ही मशीन परत चालू झाल्याची असते. पडलं कधी, ते ६००८ क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेलं सापडतं. मामा मशीन पडलं की वैतागून अंगणात जातात आणि अर्ध्या तासाने परत येतात. ४१ ची वेळ धरून बसलो असतो तर पुढचा सुगावा कधीच लागला नसता.

फॉरमॅटपासूनच्या अशा ३१ नोंदी निघाल्या. वहीच्या पानावर तीन रकाने आखले. बगचेक शून्य असलेल्या १८. कोड असलेल्या ११. आणि बटण दाबलेल्या २, ज्या पाहून मामा गप्प झाले. “हँग झाला होता रे, काय करणार?” एवढंच म्हणाले. मी त्यावर काही बोललो नाही.

अकरा कोडांत पाच वेळा २६, तीन वेळा ८०, दोन वेळा १० आणि एकदा ५९. पहिल्याचं नाव सरळ ‘मेमरी मॅनेजमेंट’. पण नावापेक्षा त्यांची खिचडी बोलकी होती. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच कोड आणि तेच नाव परत परत येतं. दर वेळी वेगळा कोड, वेगळं नाव आणि फॉरमॅट मारूनही फरक शून्य, असं असलं की संशय रॅमवर किंवा तिच्या आसपास जातो. मिनीडंप उघडून पाहावेत म्हटलं तर फोल्डर रिकामं. दुकानात ‘स्पीड वाढवायला’ म्हणून घातलेला कसला तरी सफाई प्रोग्राम ते दर आठवड्याला झाडून टाकत होता. तो आधी काढला. शिवाय ‘आपोआप रिस्टार्ट’ची खूण काढून टाकली, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीन तशीच थांबेल आणि मामी मोबाईलवर फोटो काढून पाठवू शकेल.

दुकानापूर्वीच्या महिन्यांसाठी लॉग नव्हता, फॉरमॅटमध्ये गेला. तिथे कालनिर्णय कामी आलं. जुलै ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १४ ‘नि’ आणि ६ ‘गे’. ‘नि’ सगळीकडे विखुरलेले. ‘गे’ मात्र सगळेच्या सगळे सप्टेंबरपासून पुढे.

“मामी, चवथीनंतर काय बदललं?”

“काय बदलणार? माटोळीच्या माळेला प्लग हवा होता, म्हणून तो ओरडणारा डबा काढला. परत लावलाच नाही. बरं वाटलं, सारखा ओरडायचा.”

ओरडणारा डबा म्हणजे यूपीएस. बॅटरी दमली की तो बीप बीप करत राहतो. दमलेली बॅटरी तासभर मशीन चालवू शकत नव्हती, पण अर्ध्या सेकंदाचा विजेचा झोल बिनबोभाट गिळत होती. २७ ऑगस्टच्या चवथीला डबा माळ्यावर गेला आणि २ सप्टेंबरला पहिला ‘गे’.

पंप

शून्यवाल्या अठरा नोंदींच्या ६००८ वेळा काढल्या. तेरा नोंदी दोन पट्ट्यांत बसत होत्या: सकाळी पावणेसात ते सव्वासात, आणि संध्याकाळी साडेचार ते पाच. आणि बहुतेक नोव्हेंबरच्या मध्यानंतरच्या. पाऊस ओसरला की पोफळी-नारळीला शिंपणं सुरू होतं. कामाला येणारा गडी सकाळी पावणेसातला येतो आणि विहिरीवरचा दोन हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालू करतो. संध्याकाळी पुन्हा एकदा.

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. घराची आणि पंपाची वीज एकाच मीटरवरून, वायर जुनी आणि लांब. दिव्याचा उजेड क्षणभर मंदावतो, ते घरात सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की कोणी सांगितलंच नाही. मल्टिमीटर ‘किमान’ मोडवर ठेवून कॉम्प्युटरच्या प्लगात लावला. शांत असताना २२८ व्होल्ट. पंप चालू केल्यावर किमान १८४. खरी घसरण त्याहून खोल असणार. साधा मीटर इतक्या चटकन मोजू शकत नाही.

तरीही चांगला एसएमपीएस हे सोसतो. वीज अगदी क्षणभर तुटली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर त्याने पूर्ण भाराला सुमारे १६ मिलिसेकंद तग धरावा, अशी या प्रकारच्या एसएमपीएसकडून अपेक्षा असते. आपल्याकडे ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे जवळपास एक आवर्तन बुडालं तरी बारा व्होल्टची लाइन हलता कामा नये, आणि ती ११.४ च्या खाली गेली की मदरबोर्ड कधी राम म्हणेल ते सांगता येत नाही.

मग प्रयोग. मामा ओट्यावर, गडी पंपापाशी, मी मशीनसमोर. पहिल्या तीन वेळा पंप चालू केला, काही झालं नाही. मामा माझ्याकडे बघत होते. चौथ्या वेळी मी मुद्दाम काम वाढवलं: हार्ड डिस्कवरून एसएसडीवर मोठी कॉपी आणि सोबत व्हिडिओ. ठप्प! पुढच्या सहा वेळांत आणखी तीनदा. मशीन रिकामं असताना तगतं आणि कामात असताना पडतं, याचा अर्थ कपॅसिटरमधला साठा काठावर आला होता. घरून माझा जास्तीचा एसएमपीएस नेला होता, तो जोडला. तेच काम, तोच पंप, बारा वेळा. एकदाही नाही. पोफळींना त्या दिवशी दुप्पट पाणी मिळालं.

जुना एसएमपीएस मी उघडला नाही आणि कोणी हौसेने उघडूही नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी बराच वेळ टिकून राहू शकतो, आणि तो जीव घेऊ शकतो. जाळीतून टॉर्च मारला तरी एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसत होतं. टोपाच्या बुडासारखं सपाट असायला हवं ते नुकत्याच फुगलेल्या भाकरीसारखं वर आलेलं. फोंड्यातल्या ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने नंतर तो रीतसर रिकामा करून उघडला. पुढच्या बाजूला २०० व्होल्टचे दोन मोठे कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले, अंगावर ३३० मायक्रोफॅरड. एक ठीक होता. दुसरा जेमतेम एकतृतीयांशावर आलेला.

आधी वीज, मग मेमरी हा क्रम मी शहाणपणाने ठरवला असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे रॅमची चाचणी रात्रभर चालते, आणि सकाळी पावणेसातला पंपाने ती अर्ध्यावर मोडली असती. म्हणून वीज आधी.

पाल

विंडोजबरोबर येणारी मेमरी चाचणी चालवली. ‘त्रुटी नाहीत.’ इथे बरेच जण थांबतात. मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ ही जास्त कसून होणारी मेमरी चाचणी चालवली आणि खालच्या आंब्याच्या खोलीत झोपायला गेलो. सकाळी चहाला आलो तेव्हा स्क्रीनवर लाल ओळी. पहिली फेरी स्वच्छ, दुसऱ्या फेरीपासून चुका.

आता एकेक रॅम. साधारण इथे दुकानातून नवी रॅम आणून गाडी पुढे ढकलतात. पण अर्धा दिवस घालवून चारही जोड्या तपासल्या: पहिली रॅम पहिल्या स्लॉटात, दुसऱ्या स्लॉटात, मग दुसरी रॅम तशीच. पहिल्या स्लॉटात दोन्ही रॅम स्वच्छ. दुसऱ्या स्लॉटात दोन्हींना चुका. रॅम निर्दोष निघाल्या. नवी रॅम आणली असती तर तीही दुसऱ्या स्लॉटात बसून तेच रडगाणं गायली असती, आणि मग बिचाऱ्या मदरबोर्डला शिव्या.

टॉर्च धरून दुसरा स्लॉट जवळून पाहिला. मधल्या खाचेच्या थोडं पुढे, चार-पाच पिनांवर पांढरट-हिरवट खरपुडी. तिच्यावर एक काळी लेंडी, टोकाला पांढरा ठिपका. पालीची. या लेंडीतलं ते पांढरं म्हणजे युरिक आम्लाचा गोळा. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते तांब्या-पितळेवर असं काम करतं. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पट्टी नव्हती. कधी काळी एक टीव्ही कार्ड काढलं, त्या जागेचं भोक उघडंच राहिलं. कौलारू घर, उबदार डबा, रात्री आत बसलेले किडे. पालीला आणखी काय हवं?

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्लॉट दोनदा साफ केला. रॅमच्या सोनेरी टोकांवर खोडरबर घासायची आपल्याकडे फार सवय. ते सोनं नखभरही नसतं, खोडरबराने ते निघत जातं, म्हणून मी ते अगदीच नाइलाज झाल्याखेरीज करत नाही. साफसफाईनंतर मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या. तरीही त्या स्लॉटवर माझा विश्वास बसेना. पिनांच्या मुळाशी गंज कुठवर गेला ते वरून दिसत नाही आणि जून यायला सहाच महिने होते. शेवटी ८ जीबीची एकच रॅम पहिल्या स्लॉटात घातली आणि दुसरा रिकामा ठेवला. दोन रॅमची जोडी मोडल्याने वेग जरा कमी होतो, पण देवस्थानच्या जमाखर्चाला तेवढा वेग पुरतो. मागच्या भोकाला पट्टी आणि हवेच्या जाळ्यांना बारीक जाळी.

आता मागे वळून त्या ‘एसएफसी’ कमांडकडे पाहिलं की ओशाळं वाटतं. खराब फायली तिने दुरुस्त केल्या, पण दुरुस्त केलेली फाइलही त्याच बिघडलेल्या मेमरीतून डिस्कवर जात होती. म्हणजे फुटक्या कळशीने टाकी भरणं. मेमरीची खात्री होईपर्यंत डिस्कवर काही लिहायलाच नको होतं.

आणि तीच चूक मी तिथे गेल्यावरही केली. पहिल्याच दिवशी, चाचण्यांच्या आधी, मामांचं सगळं फोल्डर माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. बॅकअप आधी घ्यायचाच, तो नियम बरोबरच. पण रॅम दुरुस्त झाल्यावर नकला मूळ फायलींशी ताडून पाहिल्या तर दोन पीडीएफ उघडेनात. मूळ उघडत होत्या, नक्कल उघडत नव्हती. पूर्ण बॅकअप पुन्हा घेतला आणि या वेळी फाइलगणिक जुळवून पाहिला.

बाकी ज्यांना उगाच संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं त्यांची नोंद थोडक्यात. प्रोसेसर भरपूर काम देऊनही पासष्टच्या वर तापला नाही. एसएसडी ठणठणीत. हार्ड डिस्कवर केबलच्या चुकांचा आकडा ४ होता आणि महिनाभर ४च राहिला, म्हणजे जुना. विंडोज ११ पूर्ण निर्दोष, मामांनी तिला घातलेल्या शिव्या फुकट गेल्या.

झिणझिण

पंपाच्या प्रयोगाच्या वेळी अनवाणी पाय जमिनीवर आणि हात कॅबिनेटला लागला तेव्हा बारीक झिणझिण जाणवली. मामी म्हणाली, “ते पहिल्यापासूनच आहे. मी चप्पल घालून पुसते.” हे ऐकून अंगावर काटा आला. एसएमपीएसमध्ये आवाज दाबायला लावलेल्या छोट्या कपॅसिटरांमुळे अर्थिंग तुटलेलं असेल तर कॅबिनेटवर सुमारे निम्मे व्होल्ट येतात. करंट फार नसतो, पण ते घरातलं अर्थिंग मेल्याचं लक्षण. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरवर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत, इथे साठ. वायरमन बोलावला. बोर्डात अर्थची तार स्क्रूमधून निसटलेली, आणि बाहेरचा अर्थिंगचा खड्डा कोरडाठक्क. जांभ्याची जमीन पावसाळा सरला की पाणी धरून ठेवत नाही. तार घट्ट केली, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी ओतलं, आकडा दोनवर आला. मशीन पडण्याशी याचा काही संबंध निघाला नाही. तरी त्या सगळ्या महिन्यात केलेलं सगळ्यांत उपयोगाचं काम हेच, असं मला वाटतं.

पुढे

नवा ४५० वॉटचा, नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस तीन हजारांच्या आत मिळाला. यूपीएस माळ्यावरून खाली आला, त्याला नवी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी हजाराच्या आसपास. काही नवे एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर बिचकतात, म्हणून कामात असताना प्लग उपटून पाच वेळा तपासलं. टिकला. पंप मात्र वेगळ्या वायरवर घ्यायला हवा. त्याची गोष्ट मामा उन्हाळ्यात बघू म्हणतात, म्हणजे बहुधा पुढच्या चवथीपर्यंत.

मामांनी दुसरा अंक आता तीन ठिकाणी ठेवला आहे. एक पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडे आणि एक कागदावर, देवघरातल्या फळीवर.

जानेवारीच्या मध्यात पुन्हा गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी नवं कालनिर्णय आलं होतं. ‘नि’ नाही, ‘गे’ नाही, ‘का’ नाही. फक्त एका चौकोनात पेन्सिलीने ‘ला ७.०५’.

“हे काय?”

“लाईट गेली होती. तो चालूच होता,” मामी म्हणाली. “दोन मिनिटं ओरडला, बस.”